मारोती रामटेकेचा गळा

मारोती रामटेकेचा गळा मी या दोन हातांनी जितक्या वेळा दाबला, तितक्या वेळा मी कुणाला मिठीही मारली नसेल. तीसेक वर्षं, दर गणपतीत, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या मंडळाच्या रंगमंचावर मी त्याला ठार केलं. कधी सरदार होऊन, कधी सावकार होऊन, कधी फसवला गेलेला नवरा होऊन. तलवारीनं मारलं, कट्यारीनं मारलं, एका नाटकात तर मुसळानं मारलं. पण लोकांना गळाच आवडे. मारोतीचे डोळे बाहेर यायला लागले, टाचा फळ्यांवर आपटायला लागल्या, की समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या बायका पदर तोंडावर घेत. आणि मग बोटांच्या फटीतून पाहत.

आमच्या मंडळात मरायला कुणी तयार नसे, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. आमची घरं भोसल्यांच्या काळात इथं आलेली. आता कुणी वकील, कुणी प्राध्यापक, कुणाचं कापडाचं दुकान. नाटकाची हौस सगळ्यांना, पण गणपती बसलेले असताना, देवाच्या समोर, आपला मुलगा किंवा नवरा प्रेत होऊन पडणार हे एकाही घरातल्या बाईला चालत नसे. त्यामुळे आमच्या नाटकांतले सगळे खून विंगेत होत. आतून किंकाळी, मग कुणीतरी रक्तानं माखलेली तलवार घेऊन बाहेर येई. प्रेक्षक जांभया देत.

मारोती आमच्याकडे आला तो पडदा दुरुस्त करायला. आमचा पडदा वरून खाली सुटणारा, बांबूवर गुंडाळलेला. त्याची कप्पी अडकली होती. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातला एक फिटर कुणाच्या तरी ओळखीनं आला, माकडासारखा वर चढला, आणि वर बसून खाली चाललेलं आमचं भांडण ऐकत राहिला. फितुराला मारायचं कुणी, यावर नव्हे, फितूर व्हायचं कुणी यावर ते भांडण होतं. अर्ध्या तासानं वरून आवाज आला, "मी मरतो नं."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"आमी बौद्ध. शकुन-अपशकुन आमच्या घरी चालत नाही," तो पाना खिशात घालत म्हणाला. "काहून एवढं भांडून राहिले? मले मारा."

आम्ही त्याला मारलं. पहिल्याच प्रयोगाला त्यानं असा जीव सोडला, की पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून रंगमंचाकडे धावला.

हे मरणं त्याला आलं कुठून, ते मला पुढं त्याच्याकडूनच कळलं. मारोती माराच्याच घरात वाढला होता. बाप रेल्वेत गँगमन, दारू प्यायला की पट्टा काढायचा. पट्टा नसला तर चप्पल, चप्पल नसली तर जळकं लाकूड. मारोतीच्या पाठीवर त्या लाकडाचा एक डाग शेवटपर्यंत होता. लहानपणी तो मार थांबवायला शिकला तो मरून. अंग सैल सोडायचं, डोळे वर फिरवायचे, श्वास धरायचा. बाप घाबरून थांबे. मोठ्या भावाला हे जमलं नाही, त्याचा कान कायमचा गेला. मग एके दिवशी, मिसरूड फुटलेल्या मारोतीनं मेल्याचं सोंग केलं नाही. बापाचा हात हवेत धरला आणि कोपरापासून मुरगळला. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा आई मध्ये पडली आणि तिनं मारोतीलाच मारलं.

"तिनं बरोबर केलं," तो म्हणे. "एका घरात दोन पिसाळलेले कायले पाहिजे?"

पण पिसाळणं त्याच्यातून गेलं नाही. गोल बाजारात भांड्यांच्या एका दुकानात शेवंता, त्याची बायको, तांब्याची घागर वाजवून पाहत होती. नवं लग्न झालेलं. दुकानातला माणूस तिचं कुंकवाविना कपाळ पाहून, गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट पाहून म्हणाला, "लेना हो तो छूना, नहीं तो हाथ मत लगा." मारोतीनं तीच घागर उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. दात पडले, पराती कोसळल्या, बाजारातली माणसं दोन्ही बाजूंनी धावून आली. मारोतीनं एका परातीची ढाल केली आणि दुसरीनं मारत मारत तो कोपऱ्यात गेला. त्याच्या भुवईवर जी खाच होती, ती तिथली. पोलीस ठाण्यातून त्याला मी सोडवून आणलं. वाटेत तो एकच बोलला, "गंगाधरभाऊ, घागर चांगली होती. चेपली."

तीच घागर शेवंतानं पैसे देऊन नंतर घेतली. चेपलेलीच. अजून त्यांच्या मोरीत आहे.

असा माणूस रंगमंचावर मात्र इतका सांभाळून मरे, की मारणाऱ्यानं त्याच्याकडून शिकावं. त्यानं मला शिकवलं. अंगठे नरड्यावर ठेवायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. जोर खांद्यांत दाखवायचा, बोटांत नाही. पण थोडा दाब खराच द्यायचा, नाहीतर मानेच्या शिरा फुगत नाहीत आणि तोंड लाल होत नाही. आणि या खऱ्या दाबासाठी आमची खूण ठरलेली होती. दाब सोसवेनासा झाला की मारोती उजव्या हाताच्या बोटांनी माझ्या मनगटावर दोनदा थोपटे. प्रेक्षकांना वाटे, मरणारा धडपडतोय. मी लगेच हात सैल करी. थोपटलं नाही, तर सगळं ठीक आहे, चालू दे. आणि गळा एकदा सोडला, की पडदा पूर्ण पडेपर्यंत मारोतीची पापणी हलत नसे. एकदा त्याच्या नाकावर झुरळ चढलं होतं. तो मेलेलाच राहिला.

शेवंतानं एकही नाटक पाहिलं नाही. प्रयोग संपला की मी त्याला स्कूटरवर रेल्वे कॉलनीत सोडायला जाई. माझ्या भावाची मुलगी गंधाली तेव्हा लहान होती, ती हट्टानं पुढं उभी राहून येई. शेवंता दाराची कडी काढायची नाही. आतून विचारायची, "कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

"मारोती रामटेके, फिटर."

मग कडी निघे. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्ही तर अपशकुन मानत नाही."

"नाहीच मानत, भाऊजी," ती म्हणाली. "पन मेलेल्या मानसाले मी घरात घेत नाही. त्यानं सांगावं नं, तो कोन हाय."

गंधाली स्कूटरवर उभी राहून तिची नक्कल करी. हुबेहूब. त्या घरातली सगळी हसत, शेवंताही.

आता गोष्टीकडे येतो. मारोती निवृत्त झाला होता, पासष्टी ओलांडली होती, रक्तदाबाच्या गोळ्या आठवल्या तर घेई. मीही रंगमंच सोडला होता, पण मंडळाच्या वर्धापनानिमित्त यंदाच्या गणपतीत जुनं फितुराचं नाटक पुन्हा करायचं ठरलं, आणि आम्हा दोघांना बोलावलं. शिशिर दिग्दर्शक. तरुण मुलगा, दिल्लीला शिकून आलेला, मोठ्या मनाचा.

गळ्याच्या प्रवेशाची ती तालीम होती. मी गळा धरला. नेहमीसारखाच दाब दिला, खरं तर कमीच. त्याचं तोंड लाल झालं. थोपटण्याची वेळ झाली, पण थोपटलं नाही. मी पाहिलं, त्याचा उजवा हात खाली लोंबत होता. मग त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. त्याला वाक्य होतं, "सरदार, माझी पोरं..." त्यातलं "सरदार" त्याच्या तोंडातून चिखलासारखं बाहेर आलं आणि पुढं नुसता घोगरा आवाज. मी हात काढले. तो गुडघ्यांवर गेला, मग कुशीवर, डोकं फळ्यांवर आपटलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, क्या बात है," शिशिर म्हणाला. "हे तोंडाचं वाकडं होणं ठेवा. हे नवीन आहे."

मीही टाळी वाजवली. तीस वर्षांत मारोतीनं दर वेळी काहीतरी नवं आणलं होतं. आम्हा नाटकवाल्यांना माणूस कोसळला की आधी तो कसा कोसळला तेच दिसतं.

गंधाली मला घरी न्यायला आली होती. ती आता डॉक्टर आहे, रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत तिचं नाव आहे. आमच्या रंगमंचावर चपला घालून कुणी चढत नाही, नारळ फोडून पूजलेल्या त्या फळ्या. ती चपलांसकट धावत वर चढली. शिशिर म्हणाला, "अगं, चपला..." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मारोतीची हनुवटी धरून म्हणाली, "मारोतीकाका, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा."

डावा हात वर गेला. उजवा अर्ध्यात थांबून खाली आला.

काही मिनिटांतच सगळं परत आलं. हात हलला, बोलणं सुटं झालं. मारोती उठून बसला आणि शिशिरला म्हणाला, "जमलं का?" गंधालीनं शिशिरला उत्तर देऊ दिलं नाही. मारोतीला सरळ गाडीत घातलं.

गाडीत तिनं विचारलं, "आधी असं कधी झालं होतं?"

"नाही."

"डोळ्याला?"

मारोतीनं डावा डोळा चोळला. मग म्हणाला, "डाव्या डोळ्यावर पडदा पडला होता. आठेक दिवस झाले. वरून खाली, आपल्या मंडळाच्या पडद्यावानी. मंग हळूच वर गेला. म्या म्हटलं, चष्म्याचा नंबर असंन."

गंधालीनं गाडी जास्त वेगानं चालवली.

दवाखान्यात तिनं स्वतः त्याच्या मानेवर यंत्र फिरवलं. मी बाजूला उभा. पडद्यावर काळी-पांढरी नळी, आणि नळीच्या भिंतीला आतून चिकटलेला एक गठ्ठा. रक्ताची वाट त्यानं अर्ध्याहून जास्त अडवलेली. "ही डाव्या बाजूची मेंदूकडे जाणारी धमनी," ती म्हणाली. मग शिरेतून एक औषध दिलं, त्यात म्हणे अगदी सूक्ष्म बुडबुडे असतात. ते रक्ताबरोबर जातात, आणि जिथं रक्त जातं तिथं चमकतात. नळी उजळली. मग तो काळा गठ्ठासुद्धा आतून चमकायला लागला. बारीक ठिणग्या, एक इथं, दोन तिथं, बाहेरच्या बाजूनं आत शिरणाऱ्या.

"हेच नको होतं," गंधाली म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, त्यात रक्त जातंय, म्हणजे बरंच ना?"

"काका, तो गठ्ठा चरबीचा आहे. वाढून इतका जाड झाला की आतल्या भागाला प्राणवायू पोचेना. मग त्यानं स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतल्या, धमनीच्या बाहेरच्या भिंतीतून. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांच्या भिंती धड जुळलेल्या नसतात. त्या गळतात, फुटतात, गठ्ठ्याच्या आतच रक्तस्राव होतो. तो फुगतो, आतून सडतो, आणि वरचं पातळ आवरण आणखी पातळ होतं. आवरण फाटलं की आतला सगळा माल मेंदूत."

मारोती टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होता. "म्हनजे कच्ची वेल्डिंग."

"हव काका. कच्ची वेल्डिंग, आणि आत दाब."

"किती दिवस टिकंन?"

"आवरणाचे तुकडे सुटायला लागलेत. तो डोळ्यावरचा पडदा आणि आजचा हात म्हणजे तेच तुकडे. लहान होते म्हणून परत आलात. येत्या काही दिवसांत मान उघडून तो गठ्ठा काढावा लागेल. तोपर्यंत मानेला कुणी हात लावायचा नाही. आणि तुम्ही रागवायचं नाही."

हे शेवटचं ऐकून मारोती हसला.

तो घरी आला आणि म्हणाला, ऑपरेशन गणपतीनंतर. आधी नाटक. मी समजावलं, गंधालीनं समजावलं. तो म्हणे, "मी गेलो तर मरंन कोन? तुमच्यातला कोनी मरते का? तीस वर्षांत एक पोट्टा तयार नाही झाला."

ते खरं होतं. शिशिरनं सचिनला विचारून पाहिलं होतं, आमच्या खजिनदाराचा मुलगा, नोकरीला लागलेला, चांगला उंच. सचिनची आई म्हणाली, बाप्पाच्या समोर माझा मुलगा नाही मरणार.

"मी मेलो तर या लोकायच्या समोर मरीन," मारोती म्हणाला. "दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली नाही."

शेवंता चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठमोरी भाकरी थापत होती. तिची थाप जोरात पडत होती. बोलला विकी, त्यांचा मुलगा, भिलाईहून सुट्टी काढून आलेला. तो मराठी समजतो, उत्तर हिंदीतच देतो. "पापा, उन लोगों के लिए मरोगे? तीस साल से मर ही तो रहे हो. कभी जिंदा रोल दिया किसी ने आपको?"

मी तिथंच बसलो होतो. माझी मान खाली गेली.

"चूप," मारोती म्हणाला.

"सच बोल रहा हूँ. आपको मारने में मज़ा आता है उनको."

पाण्याचा पेला विकीच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. पुढच्या क्षणाला मारोतीनं उडी घेतली होती. म्हाताऱ्या माणसाला एवढी चपळाई कुठून आली कळलं नाही. विकीला त्यानं भिंतीशी दाबलं, दोन्ही हात गळ्यावर. हा नाटकातला गळा नव्हता. अंगठे नरड्यावर होते. विकीचे पाय जमिनीवर घासत होते, फळीवरचे डबे खाली कोसळत होते, पीठ उडत होतं. मी मारोतीचं मनगट ओढलं, ते लोखंडासारखं होतं. शेवंतानं लाटणं घेऊन त्याच्या पाठीत घातलं, पुन्हा घातलं. त्याला लागत नव्हतं.

आणि मग त्याचा उजवा हात आपोआप उघडला.

बोटं एकेक करून सुटली, जशी मेलेल्याची सुटतात. हात खाली पडून लोंबायला लागला. डावा हात अजून गळ्यावर होता. मारोती आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. त्याचं तोंड उजवीकडे ओघळलं. काही बोलायला गेला, जमलं नाही. विकीनंच मग त्याला धरलं, खोकत खोकत, कमरेला मिठी घालून खाली बसवलं. "पापा. पापा, बैठो."

हात परत यायला या वेळी जास्त वेळ लागला. सारे पिठात बसलो होतो. शेवंता त्याच्या समोर बसली आणि त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "पोराले मारत होता. तुझ्या हातानं तुले थांबवलं. आता तुझ्या हाताचं तरी आयक."

तो जीभ जड असतानाच बोलला. "चाल."

शस्त्रक्रिया डॉक्टर परागनं केली. आत काय झालं ते मला गंधालीनं सांगितलं, कारण ती आत होती. अशी शस्त्रक्रिया कधीकधी माणूस जागा ठेवून करतात. मान फक्त सुन्न. कारण डॉक्टरला धमनी चिमट्यांनी वर-खाली बंद करावी लागते, आणि तेवढा वेळ मेंदूच्या त्या बाजूला दुसऱ्या वाटांनी पुरेसं रक्त पोचतंय की नाही, हे जागा माणूसच सांगू शकतो. त्यासाठी मारोतीच्या उजव्या हातात रबरी बदक दिलं. दाबलं की चीं वाजणारं. विचारलं की दाबायचं. बदक वाजलं म्हणजे मेंदू जिवंत. नाही वाजलं, तर धमनीत ताबडतोब एक नळी घालून रक्ताची तात्पुरती वाट करावी लागते. पण मारोतीचा गठ्ठा असा भुसभुशीत, की नळी आत सारताना त्याचेच तुकडे मेंदूत जायची भीती. म्हणून शक्यतो नळी नको, असं आधीच ठरलं होतं. गंधाली त्याच्या डोक्याशी बसली होती, कानशिलावर यंत्र लावून मेंदूतलं रक्त पाहत.

चादरीखालून फक्त मान उघडी. परागनं कानाखालून सरळ चीर दिली. कातडी, मग स्नायू बाजूला ओढला, जबड्याखाली लोखंडी आकड्यांनी तो ताणून धरला. आत धमनी उड्या मारत होती. गंधाली मला नंतर म्हणाली, "काका, ते ठोके पाहून मला मारोतीकाकांचा स्वभाव आठवला." परागनं चिमटे लावले. एक खाली, दोन वर. ठोके थांबले.

"मारोतीजी, बदक दाबा."

शांतता.

"दाबा."

काही नाही. डोळे मिटलेले, चेहरा सैल, हात उघडा.

परागनं नळी मागितली. पण गंधालीच्या पडद्यावर रक्त मेंदूत वाहत होतं. थोडं कमी, पण पुरेसं. मेंदू जिवंत होता आणि माणूस मेलेला. तिला एका क्षणात ते दिसलं. गळा कुणीतरी धरलाय. खूण द्यायची नाही, कारण सोसवतंय. आणि गळा सुटून पडदा पूर्ण पडेपर्यंत हलायचं नाही. तीस वर्षांची शिस्त त्याच्या हाडांत होती, त्यात बदकाची सूचना कुठल्या कुठं वाहून गेली.

"थांबा," ती परागला म्हणाली. नळी त्याच्या हातात होती.

मग ती मारोतीच्या कानाशी वाकली आणि लहानपणी स्कूटरवर उभी राहून काढायची त्या आवाजात, दाराच्या आतून यावा तशा, म्हणाली, "कोन हाय?"

ओठ हलले. "मी."

"मी कोन?"

"मारोती रामटेके, फिटर."

परागनं नळी ताटात परत ठेवली. गंधाली म्हणाली, "मारोतीकाका, बदक वाजवा ना."

"वाजवू? अजून गळा सोडला कोठं गंगाधरभाऊनं," तो डोळे न उघडता म्हणाला. "सोसून राहिलो नं मी."

त्यानंतर पूर्ण वेळ बदक वाजत राहिलं. विचारलं नाही तरी वाजे. शेवटी परागनं सांगितलं, आता जरा कमी वाजवा, मला टाके घालायचेत.

बाहेर बाकावर मी आणि शेवंता होतो. दाराआडून तो आवाज बारीक ऐकू येत होता. ती म्हणाली, "आत लेकरू हाय का कोनाचं?"

काढलेला गठ्ठा गंधालीनं बाटलीत घालून दाखवला. काजूएवढा, पिवळा, मेणचट. उभा चिरलेला. आत एक काळसर लाल डाग, ताज्या रक्ताचा. आणि त्याच्या वरचं आवरण एका ठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यासारखं फाटायला आलेलं. मारोतीनं बाटली उजेडात धरली, फिरवली. मानेवर पट्टी, आवाज बसलेला. "एवढ्याशानं पोराचा गळा धरवला?"

"नाही काका," गंधाली म्हणाली. "तो तुम्ही धरलात. यानं सोडवला."

 मारोतीनं विकीला जवळ बोलावून त्याची मान पाहिली. निळे डाग अजून होते. बोटानं एकेक डाग चाचपला. विकी म्हणाला, "ठीक है पापा." मारोती म्हणाला, "ठीक नाही हाय."

गणपती बसले. नाटक राहिलं होतं, आणि मारोतीच्या मानेला हात लावणं शक्य नव्हतं. शिशिर म्हणाला, खून विंगेत करू. मी म्हटलं, नाही. फितूर मी होईन.

माझी वहिनी सुनीती, गंधालीची आई, तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. देवासमोर, या वयात. मी म्हटलं, आजवर दुसऱ्याचं प्रेत चाललं ना देवाला. सरदार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मारोतीनं माझा जुना अंगरखा घातला, त्याला खांद्यांत घट्ट झाला. संवाद त्याला सगळे पाठ होते, मरताना ऐकून ऐकून.

प्रयोगाच्या दिवशी पुढच्या रांगेत शेवंता आणि विकी बसले होते.

त्यानं माझा गळा धरला. अंगठे बाजूला, जोर खांद्यांत, सगळं त्यानंच शिकवलेलं. पण डोळ्यांत जे होतं ते त्यानं कधी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस मला खरंच मारणार. त्याच्या मानेवरची शिवण तांबडी होऊन थरथरत होती. त्या डोळ्यांत गोल बाजार होता, बापाचा पट्टा होता, तीस वर्षांचं पडून राहणं होतं. मी दोनदा थोपटलं. त्यानं सोडलं नाही. पुन्हा थोपटलं, जोरात. मग हळूच, जरा उशिरानं, त्यानं हात सैल केले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असा म्हणाला, "पाहिलं, भाऊ? असं असते."

पडदा पडेपर्यंत मी हललो नाही. फळ्या थंड होत्या आणि नाकात धूळ गेली होती. समोरून टाळ्यांचा आवाज आला, पण खाली पडलेल्याला तो वेगळाच ऐकू येतो, दुरून, भिंतीपलीकडून.

शेवंता आणि विकी रिक्षानं आधीच घरी गेले होते. आता स्कूटर मारोतीनं चालवली, मी मागं. रेल्वे कॉलनीत दाराशी आलो. कडी लागलेली. आतून आवाज, "कोन हाय?"

मारोती सवयीनं तोंड उघडायला गेला, मग थांबला. त्यानं मला दंडाला धरून पुढं केलं. "याले इचार. आज हा मेला."

"कोन हाय?" शेवंतानं पुन्हा विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. आवाज बसला होता, ऐकू गेलं नसावं. आतली कडी हलली नाही. मारोती भिंतीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून, मला सांगायला लावत.

मी घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं.